मृत संगणकाचें पुनरुज्जीवन

यंत्र जुनें झालें एवढ्याच कारणानें तें टाकून द्यावें, हा विचार भिवंडीस कधींच फारसा मानवलेला नाहीं. उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या मोमीन विणकरांनीं येथें हातमाग मांडले. १९३० नंतरच्या दशकांत त्यांच्या जागीं यंत्रमाग येऊं लागले, आणि त्यांतले पुष्कळसे मुंबईच्या गिरण्यांनीं मोडींत काढलेले होते. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं अडीच लाखांच्या आसपास गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, तो विधिपूर्वक कधीं मिटलाच नाहीं, आणि मुंबईचें विणकामही बऱ्याच अंशीं ह्या गांवाकडे सरकलें. गिरणीनें भंगार म्हणून विकलेला माग येथल्या कारखान्यांत आणखी कित्येक वर्षें खटखट करीत राहतो. चाक झिजलें तर चाक बदलतात, धोटा फुटला तर नवा धोटा आणतात. मागाला मात्र कोणी मेलेला म्हणत नाहीं.

अशा गांवांत संगणकांच्या दुरुस्तीचीं जीं दुकानें आहेत, तेथें मधून मधून एक विचित्र रोगी येतो. मेजावरचा जुना संगणक. त्याचा पंखा फिरतो, दिवा लागतो, आंतली चकती गरगरते, पण पडद्यावर एक अक्षर उमटत नाहीं. कोणताही भाग जळालेला नसतो, कोणतीही तार तुटलेली नसते. मालकास विचारावें तर उत्तर मिळतें, कीं काल रात्रीपर्यंत हा उत्तम चालत होता. त्यांत सुधारणा करावयास घेतली आणि हा असा झाला. रोगानें न मरतां औषधानें मेलेला हा रोगी होय. त्या औषधास कारागीर लोक 'बायॉस अपडेट' म्हणतात; व्यापक नांव फर्मवेअरची नवी आवृत्ति. हा मृत्यु शक्य कां झाला, आणि त्यांतून परत येण्याची वाट कोणी कशी राखून ठेवली, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं संगणकाचा आरंभ एके काळीं पुसतां न येणारा होता. सोयीसाठीं तो पुसतां येण्याजोगा करण्यांत आला. आणि तेव्हांपासून जुन्या यंत्राचें जगणेंमरणें एकाच गोष्टीवर अवलंबून राहिलें आहे. न पुसला जाणारा एखादा कोपरा, किंवा पुसलेल्याची एखादी नक्कल, कोणी शिल्लक ठेवली आहे कीं नाहीं?

आरंभाचा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. संगणक म्हणजे आज्ञा पाळणारें यंत्र. आज्ञा स्मृतींत असतात. त्या स्मृतींत आणून ठेवण्यासाठीं पुन्हां आज्ञाच लागतात. आणि वीज नुकती सुरू झालेल्या यंत्राची स्मृति तर कोरी असते. आमच्या न्यायशास्त्रांत अशक्य गोष्टीचें उदाहरण म्हणून स्वस्कंधारोहण सांगतात. नट कितीही कसलेला असला तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढतां येत नाहीं. इंग्रज लोकांनीं ह्याच अडचणीला बुटाचा पट्टा धरून स्वतःला वर उचलण्याची उपमा दिली, व त्यावरून यंत्र सुरू करण्याला 'बूट करणें' हा शब्द पडला. केंब्रिज विद्यापीठांत ६ मे १९४९ रोजीं एडसॅक नांवाचा संगणक प्रथम चालला, तेव्हां डेव्हिड व्हीलर ह्या तरुण गणितज्ञानें त्यावर काढलेला तोडगा तत्त्वतः आजही तसाच आहे. टेलिफोनच्या कचेरींत वापरतात तसल्या फिरत्या स्विचांवर त्यानें ३१ आज्ञा तारांनीं कायमच्या जोडून टाकल्या. बटण दाबतांच त्या स्मृतींत उतरत आणि पुढची कागदी फीत वाचूं लागत. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हाही कागदी फितींवरच पोसलेला. नंतरच्या कित्येक लहान संगणकांत चालक समोरच्या खटक्यांची ओळ वरखालीं करून पहिल्या कांहीं आज्ञा हातांनींच भरी. काम कंटाळवाणें खरें. पण तो आरंभ कोणी पुसून टाकूं शकत नसे, कारण तो माणसाच्या डोक्यांत किंवा भिंतीवर टांगलेल्या कागदावर असे.

ज्यानें माग पाहिला आहे त्याला ह्या पहिल्या आज्ञांचें स्वरूप समजावयास अडचण पडूं नये. जेकार्डानें १८०४ च्या सुमारास फ्रान्सांत जी युक्ति पूर्णत्वास नेली, तींत भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. साध्या डॉबींत पट्ट्यांच्या साखळींत खुंट्या बसविलेल्या असतात. कोणता धागा वर उचलावयाचा हें त्या पुठ्ठ्यांनीं आणि खुंट्यांनीं ठरतें. ह्या माळेला यंत्र म्हणावें कीं आज्ञा? ती दोहोंच्या मधली वस्तु आहे. १९६७ सालीं ॲशर ऑप्लर ह्या लेखकानें 'फर्मवेअर' हा शब्द योजला तो अशाच मधल्या वस्तूसाठीं. यंत्र कठीण, आज्ञावली मऊ, आणि हें दोहोंच्या मधलें, बऱ्यापैकीं घट्ट.

घरोघर पोंचलेल्या संगणकाचा वंश १२ ऑगस्ट १९८१ पासून मोजतात. त्या दिवशीं आयबीएम कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. त्यांतील इंटेलच्या ८०८८ ह्या प्रोसेसरला जागें होतांच एकच गोष्ट ठाऊक असे: १०,४८,५६० ह्या पत्त्यावर जावें आणि तेथें लिहिलें असेल तें करावें. तो पत्ता त्याच्या आवाक्यांतील साऱ्या स्मृतीच्या शेवटापासून अवघीं १६ घरें अलीकडे. तेवढ्यांत काय मावणार? म्हणून तेथें 'अमुक ठिकाणीं उडी मार' एवढी आज्ञा असे, आणि उडीच्या टोकाला बायॉस. हें नांव गॅरी किल्डॉलनें आपल्या सीपी/एम ह्या प्रणालीसाठीं आधींच योजलेलें होतें; यंत्राच्या मूलभूत देवघेवीची व्यवस्था, असा त्याचा आशय. आयबीएमचा बायॉस आठ किलोबाइटांचा, म्हणजे अक्षरें मोजलीं तर ह्या लेखाच्या जवळजवळ निम्म्याएवढा. कंपनीनें तो आपल्या तांत्रिक पुस्तकांत सगळाच्या सगळा छापला, पण हक्क राखून. तेव्हां तो न पाहिलेल्या माणसांकडून तशाच वागणुकीचा दुसरा बायॉस लिहवून घेण्याची शक्कल कॉम्पॅक कंपनीनें १९८२ मध्यें व फीनिक्स कंपनीनें १९८४ मध्यें लढविली, आणि आयबीएमसारखे संगणक कोणासही बनवितां येऊं लागले. प्रत्येक बोर्डाचा बायॉस निराळा झाला तो तेव्हांपासून. ह्याचा त्रास दुरुस्ती करणारास पुढें भोगावा लागला, तें येईलच.

पहिल्या बायॉसची जागा रॉम नांवाच्या चिपमध्यें होती. चिप घडतांनाच मजकूर तींत कायमचा बसे. शिलालेखाचे गुणदोष दोन्ही तिच्या ठायीं होते: वीज गेली, वादळ आलें, मूर्खानें हात लावला तरी अक्षर हलत नसे, आणि कोरतांना चूक झाली तर तीही हलत नसे. १९७१ सालीं इंटेलमधील डॉव्ह फ्रोमन ह्यानें पुसतां येणारी चिप तयार केली. तिच्या पाठीवर स्फटिकाची लहानशी खिडकी असे. चिप बोर्डावरून उपटावी, अतिनील दिव्याखालीं पंधरावीस मिनिटें ठेवावी, मग मजकूर नाहींसा होई व नवा लिहितां येई. ही पद्धत आम्हांस फार शहाणपणाची वाटते. पुसण्यासाठीं चिप उपटावी लागे, म्हणजे नजरचुकीनें कोणी पुसूं शकत नसे; वर त्या खिडकीवर कागदाची चिकटपट्टी लावलेली असे. परंतु सोय ही अशी देवता आहे कीं तिला नैवेद्य दाखविल्याशिवाय माणसाला चैन पडत नाहीं. तोशिबा कंपनीच्या फुजियो मासुओका ह्यानें १९८४ सालीं विजेनेंच, एका झटक्यांत, मोठा भाग पुसला जाणारी चिप जगापुढें मांडली. तो पुसण्याचा वेग पाहून त्याच्या एका सहकाऱ्यास छायाचित्रकाराच्या दिव्याची आठवण झाली म्हणून तिला फ्लॅश हें नांव मिळालें. इंटेलनें १९८८ पासून तशा चिपा बाजारांत आणल्या आणि १९९० नंतरच्या दशकांत बायॉस तींत जाऊन बसला. कांहीं बोर्डांवर आरंभीं लिहिण्याची परवानगी देणारा एक बारीकसा जम्पर असे. तो सरकविल्याशिवाय अक्षर बदलत नसे. पेटी उघडण्याचा तेवढा त्रासही नको म्हणून तोही पुष्कळ ठिकाणीं गेला. शिलालेखाची पाटी झाली, आणि पाटीवरचें पाणी कोणाच्याही हातीं आलें.

मग लोक ही पाटी पुसावयास जातच कां? नुसत्या हौसेनें जाणारेही असतात. त्यांच्याविषयीं आम्हांस फारशी सहानुभूति नाहीं. परंतु जुन्या यंत्राच्या मालकाला बहुधा खरी गरज असे. बायॉस लिहिणारांनीं चकतीचें मोठेंतलें मोठें माप मनांत धरून हिशेब केलेले, आणि चकत्या तर दरवर्षीं वाढत गेल्या. आरंभींची मर्यादा ५२.८ कोटी बाइटांची. ती ओलांडली तेव्हां ८.४ अब्जांची आडवी आली. १९९९ च्या सुमारास ३३.८ अब्जांचें कुंपण लागलें, आणि त्यापुढें १३७ अब्जांचें. प्रत्येक कुंपणापाशीं जुना संगणक नवी चकती पाहून एक तर ती अर्धीच ओळखी, नाहीं तर जागच्या जागीं थबकून राही. त्यांत २००० सालाचें भय आलें. कित्येक बायॉस शतकाचा आंकडा बदलूं शकत नसत, आणि १९९९ मध्यें हिशेबाच्या कामाला लावलेल्या यंत्रांचा बायॉस बदलावा असा सल्ला जगभर दिला जात होता. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चढवावयाचा तरीही हीच वाट. म्हणजे नवें यंत्र घेण्याची ऐपत नसलेला, जुन्याचेंच आयुष्य वाढवूं पाहणारा जो काटकसरी गृहस्थ, तोच ह्या धोक्याच्या तोंडीं अधिक.

धोका मिनिटा-दोन मिनिटांचा असतो. आधीं जुना मजकूर पुसला जातो, मग नवा लिहिला जातो. ह्या दोहोंच्या मध्यें यंत्राजवळ आरंभच नसतो. तेवढ्यांत वीज गेली तर पुन्हां सुरू झालेला प्रोसेसर ठरल्या पत्त्यावर जातो आणि तेथें त्याला अर्थहीन अक्षरें किंवा निव्वळ पोकळी भेटते. येथें भिवंडीकरास कांहीं सांगावयास नको. २००५ च्या पुढील भारनियमनाच्या वर्षांत ह्या गांवानें अंधार पुष्कळ पाहिला आहे. २६ जानेवारी २००७ पासून महावितरणानें येथल्या वीजवांटपाचें काम फ्रँचायझी पद्धतीनें टोरंट कंपनीकडे सोंपविलें. असा प्रयोग देशांत पहिल्यानें भिवंडींतच झाला. वेळापत्रकाप्रमाणें जाणारी वीज एक वेळ सोसते, कारण तिच्या वेळा टाळतां येतात. वेळापत्रकाबाहेर क्षणभर डोळा मिटणारी वीज मात्र नेमकी त्या दोन मिनिटांत मिटते. माग थांबला तर धागा तुटतो, तो जोडतां येतो. येथें धागा जोडणारा हातच नाहींसा होतो. यूपीएस नावाची बॅटरीची पेटी मध्यें जोडल्याशिवाय हें काम करूं नये, हा सल्ला ह्यामुळेंच; आणि त्या पेटींतील बॅटरी कित्येक वर्षांची असेल तर सल्ला पाळूनही न पाळल्यासारखाच. वीज न जातांही घात होतो, तो चुकीच्या फाइलमुळें. एकाच नांवाच्या बोर्डाच्या दोनतीन सुधारित आवृत्त्या निघतात, त्यांचे बायॉस परस्परांना चालत नाहींत, आणि आवृत्तीचा आंकडा बोर्डाच्या कोपऱ्यांत चष्मा लावूनही दिसूं नये इतक्या बारीक टंकांत छापलेला असतो.

ह्या उघड्या दारांतून अपघात आंत येतो, तसा दरोडेखोरही येणार हें ओघानेंच आलें. १९९८ सालीं तैवानांतील चेन इंग-हाऊ ह्या विद्यार्थ्यानें सीआयएच नांवाचा विषाणु लिहिला. तो फाइलींमधून गुपचूप पसरला आणि २६ एप्रिल १९९९ रोजीं जगभर एकदम जागा झाला. चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली ती ह्याच तारखेस, १९८६ सालीं. म्हणून त्याला तेंही नांव चिकटलें. तो चकतीच्या आरंभाचा भाग पुसून टाकी, आणि इंटेलच्या ४३० टीएक्स चिपसेटच्या बोर्डांवर फ्लॅशमधील बायॉसवरही कचरा लिही. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तान येथें फार नुकसान झालें. यंत्रास हात न लावतां, नुसत्या आज्ञेनें, यंत्र निकामी करतां येतें ही गोष्ट सामान्य माणसाला तेव्हां प्रथम उमगली. लिहिण्यापूर्वीं सरकवावा लागणारा तो बारीकसा जम्पर ज्या बोर्डांवर शिल्लक होता, तेथें ह्या विषाणूचा बायॉसपुढें इलाज चालत नसे.

आतां पुनरुज्जीवनाकडे वळूं. पहिली गोष्ट म्हणजे मेलेला खरोखर मेला आहे कीं नाहीं हें पाहणें. नवा बायॉस नीट लिहिला गेलेला असतो, पण जुन्या बायॉसनें जपलेल्या मांडण्या त्याच्या पचनीं पडत नाहींत, आणि यंत्र मूढासारखें बसतें. अशा वेळीं वीज काढून, बोर्डावरचा नाण्याएवढा सेल कांहीं वेळ बाहेर ठेवून परत बसविला कीं पुष्कळ 'मृत' संगणक उठून बसतात. दुकानदारानें एवढ्यासाठीं किती पैसे घ्यावे हा नीतीचा प्रश्न आम्ही येथें काढीत नाहीं.

खरी गंमत पुढें आहे. बायॉस लिहिणाऱ्या शहाण्या कंपन्यांनीं फ्लॅशचा एक लहानसा तुकडा नित्याच्या लेखनाबाहेर राखून ठेवला. त्याला बूट ब्लॉक म्हणतात. वरचा सगळा मजला कोसळला तरी हा पाया उभा असतो. त्याला येतें फार थोडें: बाकीच्या बायॉसची बेरीज जुळते कीं नाहीं हें तपासणें, आणि न जुळल्यास फ्लॉपीकडे धांव घेणें. अवॉर्ड कंपनीचा बूट ब्लॉक फ्लॉपीवरील प्रणाली सुरू करून तींतून लेखनाचा प्रोग्राम चालवूं शके. पण त्याला चित्र दाखवितां येई तें फक्त जुन्या आयएसए जातीच्या कार्डावर. ज्याच्याजवळ तसलें कार्ड नसे त्यानें दुसऱ्या संगणकावर सर्व आज्ञा आधींच फ्लॉपींत लिहून ठेवाव्या, ती मेलेल्या यंत्रांत घालावी, आणि फ्लॉपीचा दिवा लुकलुकतो कीं नाहीं एवढ्यावर नजर ठेवून अंधारांत वाट पहावी. एएमआय कंपनीच्या बायॉसला ठराविक नांवाची फाइल फ्लॉपीवर लागे व आरंभीं कंट्रोल आणि होम ह्या कळा धरून ठेवाव्या लागत. इंटेलच्या स्वतःच्या बोर्डांवर एक जम्पर काढून घेतला कीं यंत्र ह्याच संकटकालीन वाटेनें चालूं लागे. गिगाबाइट कंपनीनें एकावर एक अशा दोन चिपाच बसवावयास घेतल्या: एक वापरावयाची, दुसरी पडल्या फळाची राखण. अलीकडच्या कांहीं बोर्डांवर तर प्रोसेसर नसतांनाही यूएसबीवरून फाइल उचलून लिहिणारें बटण असतें. ह्या सर्व युक्त्यांचा मूळपुरुष केंब्रिजचा तो फिरता स्विचच होय.

बूट ब्लॉकच पुसला गेला असेल तर मात्र यंत्राला स्वतःच्या खांद्यावर चढतां येत नाहीं. दुसऱ्याचा खांदा लागतो. चिप खोबणींत बसविलेली असे त्या काळीं कारागीर लोक हा खांदा अक्षरशः देत. तसाच दुसरा, चालता संगणक आणावा आणि सुरू करावा. सुरू होतांना तो आपला बायॉस मुख्य स्मृतींत उतरवून घेतो, म्हणजे मग चिपकडे त्याचें कांहीं अडत नाहीं. अशा वेळीं, वीज चालू असतांनाच, त्याची चिप अलगद उपटावी, जागीं मेलेली चिप बसवावी, आणि लेखनाचा प्रोग्राम चालवावा. उपटतांना चिप तिरपी झाली, पाय पायास लागला, कीं दोन्ही यंत्रें गेलीं. भिवंडींत आम्हीं पाहिलेल्या एका कारागिरानें यंत्र सुरू करण्यापूर्वींच चिपच्या खालून मागावरचा पक्का दोरा ओवून ठेवला होता. वेळ येतांच दोन्ही टोकें धरून त्यानें ती सरळ वर उचलली. कापडाच्या गांवांत दोऱ्याला तोटा नाहीं. "दोन्ही यंत्रें गेलीं असतीं तर?" आम्हीं विचारलें. "मग सर, दोन गिऱ्हाइकांना उत्तर द्यायचं," असें म्हणून तो पुढच्या कामास लागला.

२००५ नंतर हळूहळू चिपा लहान झाल्या, आठ पायांच्या, आणि बहुधा बोर्डास डाग देऊन पक्क्या बसविलेल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, कांहीं शें रुपयांत जो लहानसा प्रोग्रामर मिळतो, त्याचा चिमटा ह्या आठ पायांना धरतां येतो. बोर्डाची वीज व सेल काढावा, चिमटा लावावा, दुसऱ्या संगणकावरून चिप वाचावी. चांगला कारागीर ती दोनदां वाचतो आणि दोन्ही वाचनें जुळलीं तरच पुढें जातो, कारण चिमटा किंचित् सरकला असला तरी यंत्र निमूटपणें खोटें वाचन देतें. ह्या स्वस्त प्रोग्रामरांपैकीं एका सर्वत्र विकल्या जाणाऱ्या जातीच्या तारांतून पांच व्होल्ट जातात आणि चिप असते ३.३ व्होल्टांची, कधीं १.८ चीही. पहिलीला तें बहुधा सोसतें, दुसरीला सोसत नाहीं. अंक वाचल्याशिवाय चिमटा लावणारानें रोग्यास दुसऱ्यांदा मारल्याचीं उदाहरणें ह्या धंद्यांत नवीं नाहींत.

बिघडलेला मजकूर जपून कां ठेवावयाचा, असें वाचकांस वाटेल. त्याचें कारण असें, कीं त्या कचऱ्यांत त्या यंत्राचें व्यक्तित्व असतें: जाळ्यावरचा त्याचा अनन्य पत्ता, त्याचा अनुक्रमांक, आणि २०१२ सालच्या विंडोज ८ पासून तयार संगणकांत विंडोजच्या परवान्याची किल्लीसुद्धां. शेजारच्या यंत्राची नक्कल जशीच्या तशी लिहिली तर संगणक उठतो, पण शेजाऱ्याचें नांव सांगत उठतो. जुन्या अवशेषांतून हे तुकडे वेंचून नव्या प्रतींत भरणें हें काम हस्तलिखितांच्या पाठशुद्धीसारखें आहे, आणि तें करणाऱ्या माणसाला आम्ही नुसता मेकॅनिक म्हणावयास तयार नाहीं.

बायॉसच्या जागीं आतां यूईएफआय नांवाची व्यवस्था आली आहे. इंटेलनें ती आपल्या मोठ्या यंत्रांसाठीं आरंभिली आणि २००५ मध्यें अनेक कंपन्यांच्या मंडळाकडे तिचा कारभार गेला. आठ किलोबाइटांच्या जागीं आठ, सोळा, बत्तीस मेगाबाइट. मजकूर वाढला तशीं छिद्रें वाढलीं. २०१८ सालीं ईसेट ह्या संस्थेनें लोजॅक्स नांवाचा, थेट ह्या चिपमध्यें दडून बसणारा विषाणु उघडकीस आणला. चकती बदलली, प्रणाली नव्यानें घातली, तरी तो आपला कायम. तेव्हां आरंभाच्या मजकुरावर निर्मात्याची सही असावी आणि सही न जुळल्यास यंत्रानें पुढें जाऊं नये, ही व्यवस्था अवास्तव म्हणतां येणार नाहीं. इंटेलनें २०१३ पासून ती आपल्या चिपसेटांत दिली. सहीची खूण एकदां जाळली कीं ती बदलत नाहीं. न पुसला जाणारा कोपरा ह्या रूपानें परत आला म्हणावयाचा. फरक इतकाच कीं पूर्वींचा कोपरा यंत्र वांचविण्यासाठीं होता, आणि हा कोपरा मालकालाही परका समजतो. अमेरिकेंतील लॉस ॲलॅमॉस प्रयोगशाळेंत रॉन मिनिच ह्यानें १९९९ मध्यें सुरू केलेला आणि २००८ पासून कोअरबूट ह्या नांवानें ओळखला जाणारा, कोणासही वाचतां व सुधारतां येणारा बायॉस अशा सही मागणाऱ्या बोर्डावर चढत नाहीं. म्हणजे तेथें निर्मात्याची मूळ फाइल हेंच एकमेव औषध. आणि बोर्ड पांचसात वर्षांचें झालें कीं तें औषध निर्माता आपल्या भांडारांतून केव्हां काढून टाकील ह्याला बंधन नाहीं. नवें यंत्र विकणाराच्या दृष्टीनें त्यांत तोटाही नाहीं. ग्राहकव्यवहार खात्यानें २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमली व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एक संकेतस्थळही उघडलें, परंतु जुन्या फर्मवेअरच्या फाइली अमुक वर्षें जपाव्याच अशी सक्ति त्यानें झालेली नाहीं.

ही उणीव दुरुस्तीवाल्यांनीं आपल्या परीनें भरून काढली आहे. बरा झालेल्या प्रत्येक यंत्राच्या चिपची नक्कल ते ठेवून घेतात, वर बोर्डाचें नांव आणि आवृत्ति लिहितात, आणि एकमेकांस देतात-घेतात. जशी येथें बंद पडलेल्या मागाचीं चाकें दुसऱ्या मागासाठीं काढून ठेवतात. निर्मात्याच्या भांडारांतून नाहींशी झालेली फाइल एखाद्या अंधाऱ्या गाळ्यांतल्या चकतीवर सांपडते. आपल्या १९५७ च्या लेखनाधिकाराच्या कायद्यांत, कलम ५२ मध्यें, ज्याच्याजवळ आज्ञावलीची कायदेशीर प्रत आहे त्याला ती नष्ट होण्याच्या भयास्तव तात्पुरती राखीव नक्कल करण्याची मुभा आहे. ही मुभा ज्यानें वेळीं वापरली त्याला कारागिराच्या सांठ्याची गरज पडत नाहीं. आणि ज्याला गरज पडते, त्याच्या हातीं येणारी नक्कल दुसऱ्या कोणाच्या तरी चिपवरून काढलेली असते.